हॉथॉर्न प्रयोग

हॉथॉर्न प्रयोग : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शिकागो शहरालगत सिसरो येथे असलेल्या हॉथॉर्न कारखान्यात मुख्यत्वे १९२४ ते १९३२ या काळात झालेली औद्योगिक संशोधनमालिका. कामाची भौतिक परिस्थिती, वेतन, पर्यवेक्षणाची पद्धत व कामगारांचे परस्परसंबंध यांचा उत्पादनावर कोणता परिणाम होतो, हा तिचा विषय होता. दूरध्वनीसाठी लागणारी सामग्री तयार करणारा हा कारखाना वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या मालकीचा असून १९२७ च्या सुमारास तेथे सुमारे २९,००० कामगार काम करीत होते. कारखाना १९८३ मध्ये बंद झाला. तथापि कामगारांची प्रेरणा व नेतृत्वशैली यांसंबंधीच्या विसाव्या शतकातील बहुतेक उपपत्ती या प्रयोगांच्या आधारे किंवा त्यांना उत्तर म्हणून मांडल्या गेल्या. प्रयोगांतून नेमके काय सिद्ध झाले, याविषयी मात्र अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत.

पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन उद्योगांवर फ्रेडरिक टेलर (१८५६–१९१५) यांच्या शास्त्रीय व्यवस्थापनाच्या विचाराचा प्रभाव होता. प्रत्येक कामाचे लहान लहान भाग पाडावेत, त्यांस लागणारा वेळ मोजावा, उत्तम पद्धत ठरवून द्यावी आणि ती पाळणाऱ्यास जादा मजुरी द्यावी, असे हे सूत्र होते. त्यात विचार करण्याचे काम व्यवस्थापकांकडे, तर हुकमाप्रमाणे वागण्याचे काम कामगारांकडे आले. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात टेलर यांनी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली होती. कामगार संगनमताने काम संथ ठेवतात, ते आळसामुळे नव्हे, तर स्वतःच्या हिताचा विचार करून. कारण उत्पादन वाढताच मालक मजुरीचा दर कमी करतात, हा त्यांचा अनुभव असतो, असे टेलर यांचे म्हणणे होते. हॉथॉर्नच्या संशोधकांनी या प्रश्नाचे उत्तर पुढे निराळ्या प्रकारे दिले.

प्रकाशयोजनेचे प्रयोग (१९२४–२७) : विद्युत् उद्योगाच्या पाठिंब्याने राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने हे प्रयोग केले. प्रकाश वाढविल्यास उत्पादन वाढते, असे दाखवून देणे हा त्यांचा उद्देश होता. परंतु प्रकाश वाढविलेल्या आणि न वाढविलेल्या अशा दोन्ही गटांचे उत्पादन वाढले. एका चाचणीत तर चांदण्याइतक्या अंधूक प्रकाशातही दोन कामगार स्त्रियांनी आपला वेग टिकविला. प्रकाश व उत्पादन यांत सरळ संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष निघाल्यावर परिषदेने काम थांबविले. मात्र कंपनीतील अधिकारी जॉर्ज पेनॉक यांनी संशोधन पुढे चालू ठेवले.

रिले जुळणी कक्ष : मे १९२७ मध्ये रिले या विद्युत् उपकरणाची जुळणी करणाऱ्या पाच स्त्रिया व त्यांना सुटे भाग पुरविणारी एक स्त्री यांना मुख्य विभागातून एका वेगळ्या खोलीत आणण्यात आले. सुमारे ३५ भागांचा एक रिले जुळविण्यास साधारणतः एक मिनिट लागे. तयार झालेला प्रत्येक रिले यंत्राद्वारे नोंदला जाई व एक निरीक्षक सतत तेथे बसून असे. त्यानंतर एकामागून एक बदल करण्यात आले : पाच मिनिटांची दोन विश्रांतिसत्रे, मग दहा मिनिटांची दोन, पुढे पाच मिनिटांची सहा, सकाळची न्याहारी, काम लवकर सोडणे, शनिवारची सुटी. बहुतेक टप्प्यांत उत्पादन चढत गेले. १९२८ च्या उत्तरार्धात बारा आठवड्यांसाठी सर्व सवलती काढून घेऊन पूर्वीचा ४८ तासांचा आठवडा पुन्हा सुरू करण्यात आला. तरीही एकूण साप्ताहिक उत्पादनाने आजवरचा उच्चांक गाठला. दोन वर्षांत झालेली वाढ सुमारे ३० टक्के होती.

१९२८ पासून प्रयोगांशी संबंध आलेले हार्व्हर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक एल्टन मेयो (१८८०–१९४९) यांनी या वाढीचा अर्थ सामाजिक दृष्टीने लावला. त्यांच्या मते विश्रांती किंवा वेतन ही वाढीची खरी कारणे नव्हती. या स्त्रियांना कोणीतरी विचारात घेतले, त्यांचे म्हणणे ऐकले व पर्यवेक्षणाचा जाच कमी झाला; त्यामुळे त्यांचा एकजीव गट तयार झाला आणि तो मनापासून काम करू लागला. प्रेमळ व ऐकून घेणारा पर्यवेक्षक हे नव्या नेतृत्वाचे प्रतीक ठरले.

या वृत्तांतात काही गोष्टी गौण ठरविल्या गेल्या. मूळ विभागात नगावारी मजुरीचा हिशेब शंभराहून अधिक कामगारांच्या गटावर होत असे. प्रयोगाच्या खोलीत तो त्या लहान गटापुरता होऊ लागला. साहजिकच प्रत्येकीच्या श्रमाचा व तिच्या कमाईचा संबंध निकटचा झाला. दुसरे असे की, जास्त बोलतात व सहकार्य करीत नाहीत, या कारणावरून जानेवारी १९२८ मध्ये पाचांपैकी दोघींना खोलीतून काढून त्यांच्या जागी दोन अधिक वेगवान स्त्रियांना आणण्यात आले. उत्पादनातील मोठी वाढ त्यानंतरची आहे. सवलती काढून घेतलेल्या काळात साप्ताहिक उत्पादन वाढले, तरी दर तासाचे उत्पादन घटले होते. १९२९ च्या अखेरीपासून महामंदीची छाया पडली व नोकरी टिकविण्याची चिंताही त्यात मिसळली.

वेतनाचा परिणाम वेगळा काढण्यासाठी दुसऱ्या एका गटाला तो जेथे काम करीत होता तेथेच ठेवून केवळ त्याच्या वेतनाची पद्धत बदलण्यात आली. त्याचे उत्पादन सुमारे १३ टक्क्यांनी वाढले. विभागातील इतर कामगार कुरकुर करू लागल्याने हा प्रयोग नऊ आठवड्यांत बंद करावा लागला आणि जुनी पद्धत येताच उत्पादन खाली आले. अभ्रकाचे थर सोलणाऱ्या तिसऱ्या गटात वेतनपद्धत न बदलता उत्पादन सुमारे १५ टक्क्यांनी वाढले, मात्र ही वाढ टिकली नाही. या दोन आकड्यांवरून वेतनाचा वाटा दुय्यम मानण्यात आला. पुढील वादाचे मूळ येथेच आहे.

मुलाखती व तारजोडणी कक्ष : १९२८ पासून सुमारे २१,००० कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. ठराविक प्रश्न विचारण्याऐवजी कामगाराला मनातले बोलू द्यावे, ही पद्धत येथे रुळली व तिच्यातून कारखान्यांतील समुपदेशनाची प्रथा निर्माण झाली. अनेक तक्रारी या वस्तुस्थितीपेक्षा मनःस्थितीच्या निदर्शक असतात, असे संशोधकांचे मत बनले.

नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात तारजोडणी कक्षातील चौदा पुरुष कामगारांचे निरीक्षण करण्यात आले. त्यांत तारा जोडणारे नऊ, डाख देणारे तीन व तपासनीस दोन होते. जास्त काम केल्यास जास्त कमाई होईल अशी वेतनपद्धत असूनही दिवसाला सुमारे दोन संच एवढेच काम त्यांनी आपापसांत योग्य ठरविले होते. त्याहून अधिक करणाऱ्याची टर उडविली जाई, प्रसंगी दंडावर ठोसा बसे. फार कमी करणाराही नापसंत ठरे आणि वरिष्ठांकडे चुगली करणाऱ्यास तर कोणी जवळ करीत नसे. मुकादमाला हे ठाऊक असले, तरी तो काणाडोळा करी. अधिकृत रचनेच्या पोटात कामगारांची स्वतःची नियमव्यवस्था असते, हे येथे प्रथमच इतक्या बारकाईने नोंदले गेले. या प्रयोगमालेतील हा सर्वांत भक्कम निष्कर्ष मानला जातो.

या वर्तनाच्या स्पष्टीकरणाबाबत मात्र संशोधक व टीकाकार यांत फरक पडतो. जास्त काम केले, तर दर कापला जाईल किंवा माणसे कमी केली जातील, असे कामगार सांगत. त्यांपैकी कोणाचाही दर प्रत्यक्षात कापला गेला नव्हता, म्हणून ही समजूत तर्कावर नव्हे, तर भावनेवर आधारलेली आहे, असा संशोधकांचा निर्वाळा होता. परंतु मंदीमुळे कामच न उरल्याने मे १९३२ मध्ये तो कक्ष बंद झाला, कारखान्यातील हजारो कामगारांना कमी करण्यात आले. उपलब्ध काम पुरवून वापरण्यामागे असलेली कामगारांची दूरदृष्टी टेलर यांना दिसली होती; मानवी संबंधांच्या पुरस्कर्त्यांनी तिला भावनेच्या सदरात घातले.

प्रसार व उत्तरकालीन उपपत्ती : मेयो यांचा द ह्यूमन प्रॉब्लेम्स ऑफ ॲन इंडस्ट्रियल सिव्हिलायझेशन (१९३३) आणि फ्रिट्झ रोथलिसबर्गर (१८९८–१९७४) व विल्यम डिक्सन यांचा मॅनेजमेंट अँड द वर्कर (१९३९) या ग्रंथांनी मानवी संबंध विचारसरणीचा पाया घातला. कूर्त ल्यूइन (१८९०–१९४७) यांच्या मार्गदर्शनाखाली रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी १९३८-३९ च्या सुमारास आयोवा येथे मुलांच्या मंडळांवर प्रयोग करून हुकूमशाही, लोकशाही व मुक्त अशा तीन नेतृत्वशैलींची तुलना केली. हुकूमशाही गटाचे काम नेता समोर असेपर्यंत भरपूर होई, त्याची पाठ वळताच ते मंदावे. लोकशाही गटाचे काम चालू राही. अब्राहम मॅस्लो यांची गरजांची श्रेणी (१९४३), फ्रेडरिक हर्झबर्ग यांची द्विघटक उपपत्ती (१९५९), डग्लस मॅग्रेगर यांची ‘क्ष’ व ‘य’ उपपत्ती (१९६०) आणि रेन्सिस लायकर्ट यांच्या व्यवस्थापनाच्या चार पद्धती (१९६१) यांनी हा विचार पुढे नेला. यांपैकी हर्झबर्ग यांनी हॉथॉर्नच्या परंपरेला महत्त्वाची मुरड घातली : चांगला पर्यवेक्षक असंतोष दूर करतो, खरी प्रेरणा प्रत्यक्ष कामातून, त्यातील यशातून व जबाबदारीतून येते.

भारतातील संदर्भ : भारतात या विचाराची लक्षणीय कसोटी अहमदाबाद येथे लागली. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये तेथील कॅलिको मिल्सच्या स्वयंचलित मागांच्या विभागाची पाहणी केली. तेथे २२४ मागांवर २९ कामगार बारा निरनिराळी कामे करीत. त्यामुळे कोणत्याही एका मागाची एकत्रित जबाबदारी कोणावरच नव्हती. ठराविक मागांची संपूर्ण जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी, ही कल्पना पुढे येताच कामगारांनी स्वतःच गट पाडून घेतले. सुरुवातीच्या अडचणींनंतर उत्पादन वाढले व कापडातील दोष घटले. येथे बदलली ती केवळ पर्यवेक्षकाची वागणूक नव्हे, तर कामाची रचना. एरिक मिलर यांनी १९७० मध्ये पुन्हा पाहणी केली, तेव्हा ही पद्धत काही भागांत टिकून होती, तर अन्यत्र ती मागे पडली होती.

टीका व मूल्यमापन : आपल्याकडे लक्ष दिले जात आहे, या जाणिवेमुळेच माणसाचे वर्तन बदलते, या कल्पनेस १९५० नंतरच्या दशकात ‘हॉथॉर्न परिणाम’ हे नाव रूढ झाले. ॲलेक्स कॅरी यांनी १९६७ मध्ये मूळ आकडेवारी तपासून असे दाखविले की, हे पुरावे वेतनाचे महत्त्व नाकारत नाहीत, उलट त्यास पुष्टी देतात. रिचर्ड फ्रँक व जेम्स कौल यांच्या १९७८ मधील संख्याशास्त्रीय विश्लेषणात रिले कक्षातील चढउतारांचा मोठा भाग कामगारांची बदली, मंदी व विश्रांती यांनी उलगडला. रिचर्ड गिलेस्पी यांनी १९९१ च्या ग्रंथात प्रयोगांमागील मतभेद व निवड उघड केली. नष्ट झाली असे समजली गेलेली प्रकाशप्रयोगांची आकडेवारी शोधून स्टीव्हन लेव्हिट व जॉन लिस्ट यांनी २०११ मध्ये तिचे पुनर्विश्लेषण केले, तेव्हा प्रकाशातील प्रत्येक बदलानंतर उत्पादन वाढले, या प्रचलित कथेस आधार मिळाला नाही.

ऐकून घेणारा वरिष्ठ कामगाराला हवासा वाटतो, हे हॉथॉर्नने ठसविले व कारखान्यातील माणुसकीच्या वागणुकीस त्यामुळे शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली, हे या प्रयोगांचे श्रेय होय. तथापि मजुरी, नोकरीची शाश्वती व कामगार संघटना यांविषयीच्या मागण्या मनाच्या तक्रारी समजून बाजूला सारण्याची सोयही व्यवस्थापनाला त्यातूनच लाभली. रिले कक्षातील स्त्रियांना वागणूक, विश्रांती व वाढीव कमाई या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळाल्या होत्या. त्यांपैकी पहिलीवरच भर देणारी उपपत्ती म्हणूनच अपुरी ठरते.