स्टीमिटवरील लेखन-मोबदल्याचे वाटप : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

२०१६ साली नेड स्कॉट व डॅन लॅरिमर यांनी स्थापन केलेल्या स्टीमिटने वाचकांच्या मतांनुसार लेखकास मोबदला देण्याचे तत्त्व स्वीकारले. तथापि मताचे वजन 'स्टीम पॉवर'च्या साठ्यावर ठरत असल्याने वाटपाची सूत्रे मोठ्या धारकांच्या हाती राहिली. आरंभी मोबदला मतभाराच्या वर्गाच्या प्रमाणात मिळे; म्हणजे दुप्पट मतभारास चौपट वाटा. जून २०१७ मध्ये हे प्रमाण समरेषीय करण्यात आले. परंतु त्यामुळे स्वतःच्याच लेखनास मत देणे व मतांची विक्री किफायतशीर ठरली. ऑगस्ट २०१९ मध्ये लेखकाचा वाटा ७५ वरून ५० टक्क्यांवर आणून उर्वरित मतदात्यांस देण्यात आला. मार्च २०२० मध्ये केंद्रित सत्तेच्या वादातून 'हाइव्ह' ही स्वतंत्र साखळी निर्माण झाली. सारांश, सूत्रे बदलली तरी मताधिकार मालमत्तेशीच जोडलेला राहिला; त्यामुळे न्याय्य वाटपाचा प्रश्न सुटला नाही.