परतीचा हक्क: व्हिस्टा, एक्सपी आणि आपली उर्दू

मराठीत आपण नोकरीवर ‘रुजू’ होतो. हा शब्द अरबी ‘रुजूअ’पासून आला. त्याचा मूळ अर्थ परतणे, पुन्हा वळणे. उर्दूत तो आजही त्याच अर्थाच्या जवळ आहे. संगणकाच्या इतिहासातही अशा एका ‘रुजूअ’चे प्रकरण आहे. आपल्या समाजाला उठता-बसता ‘मागास’ म्हणणाऱ्यांनी ते जरूर वाचावे, आणि आपणही वाचावे.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2001 मध्ये विंडोज एक्सपी बाजारात आणली. पाच वर्षांत ती कचेऱ्या, बँका, शाळा, छापखाने सगळीकडे रुळली. मग 30 जानेवारी 2007 रोजी विंडोज व्हिस्टा आली. ती दिसायला देखणी होती, पण तिला मेमरी फार लागे. एक्सपीवर सुरळीत चालणारे संगणक तिच्या ओझ्याखाली धापा टाकू लागले. अनेक जुन्या प्रिंटर-स्कॅनरना तिच्यासाठीचे ड्रायव्हरच मिळेनात. साधे काम करायला गेले तरी ‘परवानगी द्या’ अशी खिडकी समोर यायची.

लोकांनी काय केले? व्हिस्टा पुसली आणि एक्सपी परत टाकली. यात चोरीछुपे काही नव्हते. व्हिस्टाच्या बिझनेस आणि अल्टिमेट आवृत्त्यांच्या परवान्यातच एक्सपी प्रोफेशनलवर परतण्याचा हक्क लिहिलेला होता. कागदावर व्हिस्टा, संगणकात एक्सपी, असा तो काळ होता. कंपनी एक्सपीची विक्री 30 जानेवारी 2008 ला बंद करणार होती. ती मुदत 30 जून 2008 पर्यंत वाढवावी लागली आणि छोट्या स्वस्त लॅपटॉपसाठी त्यानंतरही एक्सपी मिळत राहिली. मोठमोठ्या कंपन्या मागे फिरल्या, पण त्यांना कोणी मागास म्हटले नाही. ‘व्यवहारी’ म्हटले.

उर्दूवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. नस्तालीक लिपीत अक्षरे उतरत्या रेषेत एकमेकांत मिसळतात आणि शेजार बदलला की रूप बदलतात. त्यामुळे उर्दू वृत्तपत्रे दीर्घकाळ कातिबांच्या हाताने लिहून छापली गेली. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साथीने नूरी नस्तालीक तयार केली. सुटी अक्षरे जुळवण्याऐवजी सुमारे 20,000 जोडरूपे त्यांनी रेखाटली. 1994 मध्ये दिल्लीच्या कंपनीने केलेल्या इनपेजने हीच लिपी साध्या संगणकावर आणली. उर्दू डीटीपीचे दुसरे नावच इनपेज झाले. कातिबांचा धंदा मात्र बसला आणि त्यांना परतीची वाट कोणी ठेवली नाही.

जुन्या इनपेजमध्ये एक मेख होती. ते युनिकोडमध्ये लिहीत नसे, मजकूर स्वतःच्याच सांकेतिक पद्धतीत ठेवी. मराठीतल्या जुन्या फॉन्टांचेही असेच होते. फॉन्ट नसेल तर पानभर मजकुराच्या जागी अगम्य चिन्हे दिसत. म्हणून आपल्याकडे ज्याचे काम जुन्या इनपेजवर होते, त्याला नवी विंडोज नको असे. ती अडाण्याची भीती नव्हती. वर्षानुवर्षांचा मजकूर उघडेल की नाही, हा प्रश्न होता.

पण मागे फिरण्यात तोटाही होता, तो झाकू नये. एक्सपीवर उर्दू किंवा देवनागरी नीट दिसावी म्हणून रीजनल सेटिंगमध्ये जाऊन वेगळी सोय बसवावी लागे आणि त्यासाठी सीडी शोधावी लागे. व्हिस्टात ती सोय आधीच होती. पुढे ऑक्टोबर 2012 मध्ये विंडोज 8 आली. तिच्यातून स्टार्टचे बटण गायब झाले म्हणून लोक वैतागून विंडोज 7 कडे वळले. वर्षभरात 8.1 मध्ये कंपनीने बटण परत दिले. पण विंडोज 8 सोबत ‘उर्दू टाइपसेटिंग’ हा नस्तालीक फॉन्ट आला होता. बटणासाठी मागे गेलेल्यांच्या पडद्यावर उर्दू पुन्हा नस्खमध्ये दिसू लागली. नस्खमध्ये आपण कुरआन वाचतो, पण उर्दू पत्र आणि गझल डोळ्यांना नस्तालीकमध्येच आपली वाटते.

जुलै 2015 च्या विंडोज 10 पासून परतीची सोय सेटिंगमध्येच मिळाली. जुनी प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली जाई आणि महिनाभरात एका बटणावर मागे जाता येई. ऑगस्ट 2016 च्या सुधारणेत ही मुदत 10 दिवसांवर आली. त्यानंतर जुने आपोआप पुसले जाते.

जे कायमचे जुन्यातच राहिले त्यांचे काय? एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या 8 एप्रिल 2014 ला थांबल्या. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. त्यात सर्वाधिक बळी पडले ते विंडोज 7 चे संगणक. त्यांच्यासाठीची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण अनेकांनी ती घेतली नव्हती. म्हणजे प्रणाली जुनी असण्याइतकाच धोका निष्काळजीपणात होता. आता 14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 च्याही नियमित दुरुस्त्या थांबल्या आहेत. 11 वरून तिच्याकडे परतणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून माझी काळजी मजकुराची आहे. आपल्या शाळा, वाचनालये, मदरसे आणि छोट्या मासिकांचे कितीतरी लेखन जुन्या इनपेज फाइलींत अडकले आहे. एखाद्या कोपऱ्यात जुनी विंडोज असलेला संगणक अजून चालत असेल तर तो भंगारात देऊ नका. त्याचे इंटरनेट तोडा. फाइलींच्या दोन प्रती काढा. मजकूर युनिकोडमध्ये बदला आणि उर्दू जाणणाऱ्याकडून ओळ न् ओळ तपासून घ्या, कारण बदलताना अक्षरे चुकतात. कातिब गेले तेव्हा निदान त्यांनी लिहिलेला कागद उरला, तो आजही वाचता येतो. जुन्या फाइलीचे तसे नाही. ती उघडणारे शेवटचे यंत्र बंद पडले की आतला मजकूर असून नसल्यासारखा होईल. हे काम यंत्र चालू आहे तोवरच होईल.