जर्मनच्या ताटल्यांचं यान

सुटीत नातू चोपड्याला आला की त्याचा लॅपटॉप आणि माझा चष्मा एकाच टेबलावर असतात. या खेपेला त्याने मला 'स्टार वॉर्स' दाखवला. १९७७ सालचा सिनेमा. गोष्ट अर्धीच कळली म्हणा! पण सुरुवातीलाच एक अवाढव्य यान डोक्यावरून सरकतं, सरकतच राहतं. नातू म्हणाला, "आजी, ते जेमतेम तीन फुटांचं मॉडेल आहे. वर चिकटवलेत ते खेळण्यांचे तुकडे." मी म्हटलं, थांब, पुन्हा दाखव.

मग दोन दिवस आम्ही तेच शोधत बसलो. या कारागिरांनी दुकानांतून रणगाडे, जहाजं, मोटारी यांचे प्लॅस्टिकचे जोडसंच ढिगाने आणले, ते मोडले आणि त्यांची चाकं, झडपा, नळ्या यानांवर डकवल्या. १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'तही हीच युक्ती होती. आणि १९६५ च्या 'थंडरबर्ड्स' या इंग्लंडमधल्या बाहुल्यांच्या मालिकेत तर यानाच्या तळाच्या भिंतीवर चक्क लिंबू पिळायचं भांडं लावलेलं! कारण साधं आहे. गुळगुळीत वस्तू डोळ्याला लहान वाटते, खेळणं वाटते. बारीक खाचाखोचा दिसल्या की डोळा आपणच ठरवतो, की ही वस्तू फार मोठी असणार.

हे वाचताना मला १९८२ सालचं आमच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन आठवलं, आणि खरं सांगते, जेवण गेलं नाही.

माझं बी.ए. मराठी आणि इतिहासाचं. पण विज्ञानाचे सर रजेवर होते, म्हणून परीक्षक म्हणून मला बसवलं. सातवीतला एक मुलगा, वडील सालदार. त्याने 'दुसऱ्या ग्रहावरचं यान' आणलं होतं. जर्मनच्या दोन ताटल्या तोंडाला तोंड लावून तारेने बांधलेल्या, वर सायकलच्या घंटीची वाटी, खाली उदबत्तीच्या पुठ्ठ्याच्या नळ्या म्हणजे इंजिनं. खेळण्यातल्या ट्रॅक्टरची चाकं, संपलेल्या रिफिली, सलाईनची नळी. आणि पाय आगपेटीच्या काड्यांचे, सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीने जोडलेले.

मी विचारलं, "याला पंख कुठे आहेत? टोक कुठे आहे? रॉकेट असं असतं का?"

तो म्हणाला, "बाई, हाई आठलं नही शे ना!" इथलं नाहीये ते.

मुलं हसली. मीही हसले. बक्षीस मिळालं थर्माकोलच्या पांढऱ्याशुभ्र रॉकेटला.

आता गंमत बघा. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला ते यान कसं होतं? कोळ्यासारखं! चार काटकुळे पाय, वेडंवाकडं अंग, भोवती सोनेरी चकाकता कागद. चंद्रावर हवाच नाही, तर पंख आणि अणकुचीदार टोक हवं कशाला? त्याचा फोटो मी वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवला होता. तरी मी पोराला पंख विचारले. आणि त्याच्या डोक्यात हे खूळ घातलं कोणी? मीच. जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा १९७९ चा कथासंग्रह वाचनालयातून काढून मीच वर्गात फिरवला होता. भाषेच्या बाईंना विज्ञानकथा चालते, पण ती जर्मनच्या ताटलीत उतरली की चालत नाही, असं काहीतरी झालं असावं.

त्याच्या थोडंच आधी, १९७८ साली, सातपुड्याच्या पलीकडे तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात अरविंद गुप्ता नावाचे तरुण इंजिनिअर पुण्याच्या मोटार कारखान्यातून रजा घेऊन खेड्यातल्या शाळांच्या विज्ञान कार्यक्रमात गेले होते. तिथे त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि व्हॉल्व्हची नळी जोडून त्रिकोण, घन, घरं बनवली. अगदी तीच जोडणी! पुढे 'कचऱ्यातून खेळणी' हे त्यांचं आयुष्यभराचं काम झालं. नारळीकरांनी उभारलेल्या पुण्याच्या 'आयुका'तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं मुलांना ती शिकवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं पुस्तक माझ्या हाती आलं तेव्हा मी निवृत्तीला टेकले होते. काड्यांचं पान उघडलं आणि मिटून ठेवलं.

त्या सिनेमांतली मॉडेलं आज जपून ठेवलीत म्हणे, प्रदर्शनांतून मांडतात. नातवाने विचारलं, त्या मुलाचं यान कुठे आहे?

कुठे असणार? प्रदर्शन चार वाजता संपलं. तो व्हरांड्यात बसून तार सोडवत होता. मी म्हटलं, "अरे, राहू दे की दोन दिवस." तर म्हणाला, "नाही बाई, आईने ताटल्या संध्याकाळच्या आत मागितल्यात."