सदुसष्ट

गेल्या आठवड्यात नाशिकहून पुतणीचा फोन आला. आईचा गुडघा, पावसाची रड, दादाचे ब्लडप्रेशर असे सगळे झाल्यावर ती मुद्द्यावर आली.

"काका, तुम्हाला कॅनडात कोणी बोलावलं होतं?"

कोणीच नाही.

"मग कंपनीचं पत्र?"

तेही नव्हते.

"मग सोडलं कसं तुम्हाला?"

तिला एका एजंटाने सांगितले होते, कॅनडातल्या कंपनीचे पत्र असल्याशिवाय आता पीआर होत नाही, आणि ते पत्र तो मिळवून देईल. भाव अठरा लाख. दादाने ओझरकडचा प्लॉट विकायला काढायची तयारी केली होती. हे ऐकून मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिला फोनवर सांगायला बसलो तर पार शंभर वर्षे मागे जावे लागले, म्हणून इथे नीट लिहून काढतो आहे. घरातले बाकीचे लोकही वाचतात हा ब्लॉग, त्यांनाही उपयोगी पडेल.

तर, कॅनडाला एकेकाळी आपण नकोच होतो. पण तसे कायद्यात लिहायची सोय नव्हती, कारण आपण पडलो ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. म्हणून १९०८ साली नियम निघाला की, येणाऱ्याने आपल्या देशातून, तिथेच काढलेल्या तिकिटावर, वाटेत न थांबता सलग यावे. शिवाय आशियाई माणसाच्या खिशात दोनशे डॉलर हवेत. भारतातून सलग येणारी बोटच नव्हती! नियमात भारताचे नाव कुठेही नाही आणि दार मात्र बंद. १९१४ च्या मे महिन्यात 'कोमागाता मारू' ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात आली, दोन महिने पाण्यातच उभी राहिली आणि मोजक्या लोकांना उतरवून परत पाठवली गेली. पुढे १९५१ साली भारताला वर्षाला दीडशे माणसांचा कोटा मिळाला. अख्ख्या देशाला दीडशे. आमच्या कॉलेजच्या एका बॅचला इतकी मुले होती.

१९६२ मध्ये एलन फेअरक्लो या मंत्रीणबाईंनी वंशाची अट बहुतांशी काढून टाकली. शिक्षण आणि कौशल्य असेल तर कोणालाही, नातेवाईकाने किंवा मालकाने न बोलावताही, अर्ज करता येऊ लागला. पण पुरेसे शिक्षण म्हणजे किती? ते ठरवणार समोर बसलेला अधिकारी. त्याला तुमचा चेहरा आवडला तर पुरेसे.

इथे टॉम केंट हा माणूस येतो. मूळचा इंग्लंडचा पत्रकार, नंतर पंतप्रधान पिअर्सन यांचा सल्लागार आणि १९६६ पासून मनुष्यबळ व इमिग्रेशन खात्याचा मुख्य सनदी अधिकारी. अधिकाऱ्याच्या मर्जीच्या जागी गुण आणण्याचे श्रेय मुख्यतः त्याला देतात. १ ऑक्टोबर १९६७ पासून नऊ विषयांची गुणपत्रिका सुरू झाली. शिक्षणाला २०, व्यवसायाच्या मागणीला १५, कौशल्य, वय, इंग्रजी-फ्रेंच यांना प्रत्येकी १०, कॅनडात नातेवाईक असेल तर ५, ज्या भागात जाणार तिथल्या मागणीला ५. ठरलेल्या नोकरीला फक्त १०. शंभरात पन्नास मिळाले की पास. म्हणजे मालकाच्या पत्राची किंमत एक दशांश, आणि ते नसेल तर बाकीच्या नव्वदात पन्नास मिळवा! (गंमत म्हणजे केंट स्वतः १९५४ मध्ये कॅनडात आला तो विनिपेगच्या वर्तमानपत्राची संपादकाची खुर्ची ठरवूनच.)

नऊ विषयांची बेरीज करून पाहिलीत तर पंधरा गुण कमी पडतील. ते 'व्यक्तिगत गुणां'चे, अधिकाऱ्याच्या हातातले. मर्जी पूर्ण गेली नव्हती, पंधरावर आली होती एवढेच. इथल्या गणेशोत्सवात एक वयोवृद्ध गृहस्थ भेटतात, ते १९६९ साली आलेले. खिशात आठ डॉलर, नोकरी नाही. मुलाखतीत विचारले, काम मिळाले नाही तर काय कराल? हे म्हणाले, भांडी घासीन. अधिकाऱ्याने मान खाली घालून काहीतरी लिहिले. "पंधरापैकी पंधरा दिले असणार," असे ते दरवर्षी सांगतात. कागद त्यांनी कधीच पाहिलेला नाही.

हे दार कायम सताड उघडे राहिले असे मात्र नाही. १९८२ च्या मंदीत नोकरी ठरलेली असेल तरच या, असे झाले आणि पुढे काही वर्षांनी ते सैल झाले. मला वाटते ही या सगळ्या प्रकाराची मूळ सवयच आहे. बेकारी वाढली की मालकाचे पत्र महाग होते.

आता माझी गोष्ट. जून २००२ मध्ये नवा कायदा आला. शिक्षण २५, भाषा २४, अनुभव २१, वय १०, ठरलेली नोकरी १०, जुळवून घेण्याची क्षमता १०. पास व्हायला ७५. पुण्यात आमच्या भाड्याच्या घरात जेवणाच्या टेबलावर मी हिशोब मांडला. बी.ई.चे २०, चार वर्षांहून जास्त अनुभवाचे २१, वयाचे १०, इंग्रजीचे १६. झाले ६७. बायकोच्या बी.कॉम.चे ४. एकाहत्तर. चार गुणांनी नापास.

पत्र असते तर दहा मिळाले असते. पण पुण्यात बसलेल्या माणसाला, त्याला कधी न पाहिलेली कंपनी पत्र का देईल? कॉलेजातला एक मित्र तेव्हा न्यू जर्सीत होता. त्याचे ग्रीन कार्ड कंपनीच्या हातात, त्यामुळे साहेबाने रविवारी बोलावले तरी हा जायचा. नोकरी बदलली की बहुतेक कागद नव्याने. त्याच्याकडे पाहून मला मालकाच्या पत्राची भीतीच बसली होती. तेव्हा उरला एकच मार्ग, फ्रेंच. दोन कौशल्यांत मध्यम पातळी गाठली की चार गुण. वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी ऑफिस सुटल्यावर कॉलेजच्या पोरांबरोबर क्लासला बसू लागलो. बायको घरी शब्द पाठ करून घ्यायची आणि माझ्या उच्चारांना पोट धरून हसायची.

भूतकाळाच्या धड्यापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात १८ सप्टेंबर २००३ ला उत्तीर्णतेची रेषा ७५ वरून ६७ वर आली. सगळ्या जगाला मिळालेले आठ ग्रेस मार्क! सदुसष्ट साली सुरू झालेली पद्धत आणि सदुसष्टचीच रेषा, हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो. फ्रेंच तिथेच सुटले. फेब्रुवारी २००६ मध्ये आम्ही टोरांटोला उतरलो.

एजंट सांगत नाहीत ती गोष्ट यापुढची. सरकारने माझ्या पदवीला २० गुण दिले, अनुभवाला पैकीच्या पैकी २१ दिले, पण माझ्याशी मुलाखतीला बसलेल्यांना यातले काहीच कळवले नव्हते. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, कॅनेडियन अनुभव आहे का? सात महिने एका गोदामात रात्रपाळीत खोकी लावली. पत्राशिवाय आलेल्या माणसाला कोणी बांधून ठेवत नाही हे खरे, आणि कोणी वाटही पाहत नसते हेही खरे. तरीही तिथल्या मुकादमाशी एकदा वाजले तेव्हा मी दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. न्यू जर्सीच्या मित्राला तसे करता आले नसते. (ओंटारियोच्या मानवाधिकार आयोगाने 'कॅनेडियन अनुभवा'ची सरसकट अट म्हणजे भेदभाव असे धोरण काढले ते २०१३ मध्ये. इंजिनिअरच्या लायसन्ससाठीची ती अट ओंटारियोत २०२३ ला गेली.)

नशीब असे की मी लवकर अर्ज केला. पास होणारे इतके झाले की फायलींचे डोंगर साठले. २००८ मध्ये ३८ व्यवसायांची यादी लागली आणि २०१२ मध्ये कायदा करून २७ फेब्रुवारी २००८ पूर्वीचे, निकाल न लागलेले अर्ज रद्दच केले. सुमारे २ लाख ८० हजार माणसे. फी परत मिळाली, पण वाट पाहण्यात गेलेली वर्षे कोण परत देणार? त्यात हजारो लोक आपल्याकडचे. तो आकडा वाचला की मला आमचे जेवणाचे टेबल आठवते.

मग २०१५ मध्ये एक्सप्रेस एंट्री आली. आता ६७ मिळवणे म्हणजे फक्त प्रवेशपरीक्षा, पुढे १२०० गुणांची स्पर्धा. आणि त्यात नोकरीच्या पत्राला ६००! ३१ जानेवारीच्या पहिल्या फेरीची रेषा होती ८८६, म्हणजे त्या ६०० ची भर नसलेल्यांनी बघत बसायचे. मार्चमध्ये रेषा ४८१ वर उतरली तेव्हा कुठे बाकीच्यांना श्वास घेता आला. पण सहाशे गुण एका कागदावर ठेवले की त्या कागदाचा बाजार भरणारच. नोव्हेंबर २०१६ मध्ये सहाशेचे बहुतेकांसाठी ५० आणि मोठ्या पदांसाठी २०० केले. बाजार काही उठला नाही. शेवटी २५ मार्च २०२५ पासून त्या स्पर्धेत पत्राला शून्य गुण. पत्रे विकली जातात, हेच कारण सरकारने उघड सांगितले.

म्हणजे दादा प्लॉट विकून जे घेणार होता, त्याला त्या बाराशेत एकही गुण नाही. जुन्या ६७ च्या तक्त्यात पत्राचे दहा अजून आहेत, काही प्रांतांच्या योजनांतही खरी नोकरी चालते. पण विकत घेतलेले पत्र हा गुन्हाच, आणि पकडले गेले तर पाच वर्षे दार बंद होते.

हे सगळे पुतणीला सांगितले. ती थोडा वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "बाबांना तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाहीत." दादाला फोन केला. तो आधी चिडला, एजंटाचा भाऊ त्याच्या ओळखीचा निघाला म्हणे, मग म्हणाला बघतो. काल वहिनीचा मेसेज आला की प्लॉटचा बोर्ड उतरवला.

पुतणीला विचारले, आता काय करणार? तर ती आधीच शोधून बसलेली. २०२५ मध्ये फ्रेंच येणाऱ्यांच्या काही फेऱ्या चारशेच्या खाली थांबल्या, तर कॅनडातच काम केलेल्यांच्या पाचशेच्या वर. "काका, तुमची फ्रेंचची वही आहे का अजून?"

वही होती, तळघरातल्या खोक्यात, बायकोच्या अक्षरातल्या शब्दांच्या याद्यांसकट. भूतकाळाच्या धड्यापुढे कोरी आहे, हे तिला सांगितले आहे.