कोठ्यातला बी-२७५

आपण शाळेत होतो तेव्हा आमगाव भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ला झाला. आमच्या कोठ्यातला बी-२७५ ट्रॅक्टर त्याहून जुना. महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत १९६३ साली काढलेल्या कंपनीचा. १९७७मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली.

बाबा गेल्यापासून तो उभाच होता. भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला, तेव्हा मी मिस्त्रीला बोलावले. नोझल काढून चारही सिलिंडरांत डिझेल ओतले, आठ दिवस मुरू दिले. जाम पिस्टन सुटले. टाकी धुतली, फिल्टर बदलले, पंपातली हवा काढली. काळ्या धुराचा लोट सोडून इंजिन धडधडले. आई पदर सावरत अंगणात आली.

त्या वर्षी रोवणीआधी बांधीतला चिखल त्यानेच केला. मित्रहो, संमेलनाला याल तेव्हा कोठ्यातही डोकावा.