खिलार गुरे आणि पावसाळ्याचे चार महिने

सोलापूर जिल्ह्याची ओळख बहुधा चादरी, ज्वारी आणि दुष्काळ यांवरून करून दिली जाते. या दुष्काळी जिल्ह्यातील गोपालन पावसाळ्यातील चराईवर उभे आहे, ही बाब मात्र शहरी वाचकाच्या सहसा ध्यानी येत नाही. येथे वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो लहरी असतो आणि त्याचा मोठा वाटा अनेकदा सप्टेंबरमध्ये येतो. जून-जुलैच्या सरींनी माळ हिरवा होतो आणि दिवाळीच्या सुमारास पिवळा पडू लागतो. या चार महिन्यांत जनावर काय खाते आणि माळावर किती गवत शिल्लक राहते, यावर पुढील आठ महिन्यांचे गणित ठरते.

या भागातील प्रमुख गोवंश म्हणजे खिलार. 'खिलार' या शब्दाचा अर्थच गुरांचा कळप असा आहे. सोलापूर, सांगली, सातारा आणि सीमेपलीकडील विजयपूर, बेळगाव हा या जातीचा मुख्य प्रदेश होय. पांढरा रंग, उंच व काटक बांधा आणि मागे वळलेली लांब शिंगे ही तिची लक्षणे. खिलार गाय दूध बेताचेच देते; तिचे मोल शेतीला आणि गाडीला मिळणाऱ्या चपळ बैलांत असते. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला. त्यामुळे वेगवान खोंडांना पुन्हा मागणी आली.

ब्राझील किंवा उत्तर ऑस्ट्रेलियात अशाच पावसाळी कुरणांवर मांसासाठी गुरे वाढविली जातात. पावसात वजन वाढते आणि कोरड्या महिन्यांत ते घटते, हा निसर्गक्रम सोलापुरातही तोच आहे. हेतू मात्र भिन्न आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण अधिनियमाने गायीच्या कत्तलीस बंदी होती. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती अमलात येऊन वळू आणि बैलांनाही ती लागू झाली. म्हशी व रेडे या बंदीबाहेर आहेत. परिणामी खिलारांच्या अंगावर पावसाळ्यात चढणारे मांस कामाची ताकद, गाय वेळेवर गाभण राहणे आणि बाजारातील किंमत या रूपांनीच फळते. थकलेल्या बैलाच्या चाऱ्याचा भारही त्याच माळावर आणि त्याच दावणीवर पडतो.

पावसाळ्यात गुरे माळावरच का नेली जातात, याचे उत्तर जमिनीत आहे. जिल्ह्यातील भारी काळी जमीन खरिपात बऱ्याच ठिकाणी मोकळी ठेवून, ओल धरून रब्बी ज्वारीसाठी राखली जाते. ओल्या काळ्या मातीत जनावरांचे पाय रुततात आणि माती तुडवली जाऊन घट्ट होते. मुरमाड माळावर पाण्याचा निचरा चटकन होतो. शिवाय मारवेल, पवन्या, अंजन ही पौष्टिक गवते तेथेच उगवतात.

परंतु पहिल्या पावसाबरोबर गुरे सोडणे गवताला आणि गुरांना दोघांनाही बाधते. कोवळ्या गवतात पाण्याचा अंश फार असतो; पोट भरते, पण कोरडा पोषक भाग कमी जातो आणि शेण पातळ होते. म्हणून चरायला सोडण्यापूर्वी थोडा कडबा खाऊ घालणे हितावह असते. गवत वीतभर वाढण्याआधीच खुडले गेले, तर मुळांतील साठा संपतो. वर्षानुवर्षे असे घडल्यास चांगली गवते हटतात आणि कुसळी माजते. तिची अणकुचीदार कुसळे तोंडात व कातडीत रुतत असल्याने पक्व झाल्यावर ती गुरांच्या उपयोगी राहत नाही. माळाचे भाग पाडून आळीपाळीने चारणे हाच यावरील उपाय होय.

खरी कसोटी सप्टेंबरअखेर लागते. गवत फुलोऱ्यात असताना कापून वाळविले तर त्यात प्रथिने टिकतात. बी गळून गेल्यावर उरते ते जवळजवळ काडच. मात्र नेमका तोच काळ परतीच्या पावसाचा असतो आणि कापलेले गवत भिजून कुजण्याची भीती असते. कापणीस उशीर करावा तर कस जातो, घाई करावी तर गवतच जाते, अशी ही कोंडी आहे.

पावसाळा रोगांचाही काळ आहे. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी पावसापूर्वीच टोचून घ्याव्या लागतात. फऱ्या तर बहुधा धष्टपुष्ट तरुण जनावरांनाच गाठतो. गोचिडांमुळे रक्तातील परजीवींचे ताप येतात आणि साचलेल्या पाण्याकाठच्या गोगलगायींमुळे यकृतात पर्णकृमी शिरतात. लम्पी त्वचारोगाची २०२२ ची साथही राज्यात पावसाळ्यातच फैलावली. पावसाने ओढ दिल्यास आणखी एक धोका संभवतो. सुकत चाललेल्या कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होते आणि ती खाल्लेले जनावर काही मिनिटांतही दगावू शकते. यालाच शेतकरी 'किराळ लागणे' म्हणतात.

हे चार महिने वाया गेले की काय होते, ते २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत दिसले. सांगोला, मंगळवेढा परिसरात चारा छावण्या उभ्या राहिल्या आणि माणसे जनावरांसह तेथे मुक्कामाला गेली. अशा वेळी उसाचा व वाढ्याचा आधार मिळतो. तथापि वाढ्यातील ऑक्झलेटमुळे दीर्घकाळ तेवढ्यावरच राहणाऱ्या जनावरांच्या शरीरातील कॅल्शियम घटते. वाळलेल्या गवताची गंजी आणि कडब्याची वळई यांची जागा ऊस पूर्णपणे घेऊ शकत नाही.

सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणून नोंदले गेलेले माळ वास्तविक पडीक नाहीत. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये अशाच गवताळ माळांवर जाहीर झाले. त्याच प्रकारच्या माळांवर खिलारांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. छावणीची वेळ टाळावयाची असेल, तर तिची तरतूद उन्हाळ्यात नव्हे, माळ हिरवा असतानाच करावी लागते.