पेपर स्प्रे : निवड, वापर आणि कायदा

लाल मिरचीचा तेलकट अर्क दाबाखाली भरलेली, मुठीत मावणारी डबी. हल्लेखोराच्या तोंडावर फवारा बसला की त्याचे डोळे आपोआप मिटतात, खोकल्याची उबळ येते, चेहऱ्याची आग होते आणि तेवढ्या वेळात समोरच्या व्यक्तीला निसटता येते. भारतात पेपर स्प्रे बाळगायला परवाना लागत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ खाली ज्या शस्त्रांना परवाना लागतो त्यांत तो मोडत नाही. औषधांच्या काही दुकानांत आणि ऑनलाइन तो काहीशे रुपयांत मिळतो. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर त्याची मागणी देशभर वाढली. प्रस्तुत नोंदीत जालना जिल्ह्यातील परिस्थिती समोर ठेवून त्याचा विचार केला आहे. मानव विकास मिशनच्या निळ्या बसमधून शाळेला जाणाऱ्या मुली, एसटीने तालुक्याच्या किंवा जालन्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुली, रात्री-अपरात्री बाळंतिणीसोबत दवाखान्यात निघणाऱ्या आशाताई आणि औद्योगिक वसाहतीतून उशिरा घरी परतणाऱ्या कामगार स्त्रिया यांना या डबीचा उपयोग किती आणि कसा, हा इथला मुख्य प्रश्न आहे.

मिरचीची ओळख या जिल्ह्याला कोणी करून द्यायला नको. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार परराज्यांतल्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक आहे. दिवसभर मिरची तोडलेल्या बाईचे हात संध्याकाळी भाकरी थापताना पोळतात. ती पाण्याने हात धुते, आग हटत नाही. तेल चोळून मग साबण लावला की थोडा उतार पडतो. त्याच हाताचे बोट चुकून लेकराच्या डोळ्याला लागले तर ते पोर तासभर रडते. पेपर स्प्रेचे सगळे शास्त्र या अनुभवात आले. तिखटपणा देणारे कॅप्सायसिन तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. मिरचीत ते सर्वांत जास्त असते ते बियांत नव्हे, तर बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात. भोकरदनची हिरवी मिरची मुख्यतः ताटात जाते. फवाऱ्यातला अर्क वाळलेल्या लाल मिरचीपासून द्रावक वापरून काढतात. त्याला ओलिओरेझिन कॅप्सिकम म्हणतात.

कॅप्सायसिनने कातडी प्रत्यक्ष भाजत नाही. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखणारे जे ग्राहक आपल्या चेतातंतूंवर असतात, तेच या रेणूने उघडतात आणि मेंदूला पोळल्याची वर्दी जाते. टीआरपीव्ही-१ नावाचा हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला. त्या कामासाठी २०२१ च्या वैद्यकातील नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. डोळ्यांवरचा ठळक परिणाम साधारण अर्धा-पाऊण तास टिकतो आणि बहुतेकांत मागे काही राहत नाही. दमेकऱ्याला मात्र त्यापासून गंभीर धोका होऊ शकतो, आणि अगदी जवळून मारलेल्या जोरदार धारेने बुबुळाला इजा होऊ शकते.

मिरचीपूड बाळगण्याची रीत जुनी आहे. पण पूड उपयोगी पडायची तर हल्लेखोर हाताच्या अंतरावर यावा लागतो, वाऱ्याने ती आपल्याच डोळ्यांत उडते आणि ऐन वेळी पुडी सुटत नाही. शिवाय ‘डोळ्यांत मिरचीपूड टाकून लुटले’ ही बातमी मराठी वर्तमानपत्रांत वारंवार येते. म्हणजे चोरांनाही ही युक्ती तितकीच जवळची आहे. डबीतला फवारा दोन-तीन मीटरवरून, एका बोटाच्या दाबाने आणि नेमक्या दिशेने जातो. ती बाळगण्याचे खरे कारण हे अंतर आहे.

निवड करताना बहुतेक जण डबीवरचा स्कोव्हिलचा मोठा आकडा पाहतात. विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये तिखटपणा मोजण्याची ही पद्धत काढली. शुद्ध कॅप्सायसिन त्या मापावर सुमारे १ कोटी ६० लाख भरते. डबीवरचा ‘२० लाख’ हा आकडा अनेकदा पातळ करण्यापूर्वीच्या अर्काचा असतो आणि प्रत्यक्ष फवाऱ्यात तो अर्क किती टक्के आहे हे त्यावरून कळत नाही. खरे माप म्हणजे तयार द्रवातील कॅप्सायसिनॉइडचे प्रमाण. माणसांसाठीच्या स्प्रेमध्ये ते साधारण ०.१८ ते १.३३ टक्के असते. ते छापलेली डबी मिळाल्यास तीच घ्यावी. न मिळाल्यास निदान उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादनाची तारीख आणि मुदत पाहावी. मुदत बहुधा दोन ते तीन वर्षांची असते. अर्क तिखट राहिला तरी आतला दाब कमी होतो आणि फवारा पायाशीच गळतो.

फवाऱ्याचे तीन प्रकार बाजारात दिसतात. धुक्यासारखा पसरणारा फवारा नेम चुकला तरी लागतो, पण वाऱ्याने उलटतो आणि आजूबाजूच्या सगळ्यांना भोवतो. धार लांब जाते, वाऱ्याला कमी जुमानते, मात्र नेम धरावा लागतो. जेल तोंडाला चिकटून बसते, हवेत फारसे पसरत नाही, परिणामाला क्षणभर जास्त वेळ घेते. मोकळे माळरान, गर्दीचे बसस्थानक आणि रिक्षाचा प्रवास ही इथली नेहमीची ठिकाणे लक्षात घेता धार किंवा जेलच घ्यावे, धुक्याचा प्रकार टाळावा. लिपस्टिकच्या किंवा किल्लीच्या आकारातल्या शोभेच्या डब्या दिसायला छान असतात, पण अंधारात फवाऱ्याचे तोंड कोणत्या बाजूला हे हाताला कळत नसेल तर त्या धोक्याच्याच. चांगल्या डबीला बोट बसवण्याची खोबण आणि चुकून दाबले जाऊ नये म्हणून लॉक असते. ते एकाच हाताच्या अंगठ्याने उघडता आले पाहिजे.

मराठवाड्याचा उन्हाळा ही वेगळी काळजी आहे. जालन्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. उन्हात उभ्या स्कूटीच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त तापते. दाबाखालच्या डब्या ५० अंशांपुढे सुरक्षित राहत नाहीत. बऱ्याच डब्यांतला वायू ज्वलनशील असतो, म्हणून चुलीजवळ किंवा गॅसजवळ त्या ठेवू नयेत. घरात लहान मुले असल्यास उंच फळीवर ठेवाव्यात.

सॅकच्या तळाशी, वह्या आणि डब्याच्या खाली गेलेला स्प्रे असून नसल्यासारखा आहे. सुनसान रस्त्याला लागण्यापूर्वीच तो हातात, ओढणीखाली किंवा ड्रेसच्या खिशात बोट खोबणीवर ठेवून धरावा. संशय आला की आधी मोठ्याने ‘मागे हो’ असे ओरडावे. आवाजाने माणसे जमतात, समोरचा बिचकतो आणि पुढे साक्षीदारही मिळतात. त्यानंतरही तो पुढे आला तर दोन-तीन मीटरवर असतानाच डोळ्यांच्या रेषेत आडवी, अर्ध्या ते एक सेकंदाची धार मारावी, लगेच बाजूला सरकावे आणि उजेडाकडे, माणसांकडे पळावे. परिणाम झाला की नाही हे पाहत थांबू नये. आंधळा झालेला माणूस जिथे आपण उभ्या होतो तिथेच झेपावतो; बाजूला सरकण्याचे महत्त्व त्यासाठी. दारू प्यायलेल्या किंवा संतापलेल्या माणसावर परिणाम उशिरा आणि कमी होऊ शकतो. हेल्मेटची काच खाली असलेल्या दुचाकीस्वारावर फवारा वाया जातो. वारा समोरून असेल तर आधी बाजू बदलावी. चालत्या रिक्षात किंवा जीपमध्ये चालकावर फवारा मारल्यास गाडी उलटू शकते आणि बंद जागेत धार मारणारीलाही सोडत नाही; तिथे आरडाओरडा, ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन आणि गाडी थांबताच उतरणे हाच मार्ग.

हे सगळे वाचून जमत नाही, हाताला सवय लागावी लागते. नवी डबी घेतल्यावर मोकळ्या शेतात, वाऱ्याकडे पाठ करून एकदा क्षणभर दाबून पाहावी. मुदत संपलेल्या डबीने झाडाच्या बुंध्यावर नेम धरण्याचा सराव करावा. महिला दिनाला कॉलेजात स्प्रे वाटण्याचे कार्यक्रम होतात. त्यांत प्रत्येक मुलीच्या हातात डबी देऊन दहा मिनिटे सराव घेतला तर त्या वाटपाला अर्थ येईल. तो झाला नाही तर बहुतेक डब्या पिशवीत पडून राहतात.

फवारा स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांत गेल्यास चोळू नये. मोकळ्या हवेत जावे, भराभर पापण्या मिटाव्यात-उघडाव्यात, थंड पाण्याने बराच वेळ डोळे धुवावेत, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर स्वच्छ हातांनी काढाव्यात. चेहऱ्याला सौम्य साबण चालतो. हाताच्या आगीवर तेल लावण्याची घरगुती सवय डोळ्यांच्या बाबतीत उपयोगी नाही. तेलातुपाने अर्क जागेवरच धरून ठेवला जातो. दूधही पाण्यापेक्षा सरस ठरलेले नाही. श्वास लागला किंवा तासाभराने नजर निवळली नाही तर दवाखाना गाठावा.

भारतीय न्याय संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराच्या बचावाचा हक्क दिला आहे. कलम ३७ त्याला मर्यादा घालते : बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांकडे जाण्याइतका वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. धोका वाजवीपणे वाटतो तोवरच हक्क टिकतो, असे कलम ४० सांगते. त्यामुळे पळून चाललेल्या माणसाच्या मागे धावून केलेला फवारा किंवा भाऊबंदकीच्या, बांधाच्या भांडणात काढलेली डबी गुन्ह्यात मोडू शकते. दुखापतीच्या कलम ११५ खाली, आणि घातक साधन मानले गेल्यास कलम ११८ खाली. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मालमत्तेच्या वादातील अशाच एका प्रकरणात पेपर स्प्रेला घातक शस्त्र मानून गुन्हा रद्द करण्यास नकार दिला. स्प्रेच्या गैरवापराचे देशातले सर्वांत गाजलेले उदाहरण १३ फेब्रुवारी २०१४ चे : तेलंगण विधेयकावरून लोकसभेत खासदार एल. राजगोपाल यांनी तो फवारला आणि काही सदस्यांना रुग्णालयात न्यावे लागले. विमानात तो हातातल्या सामानातही चालत नाही आणि जमा केलेल्यातही नाही. ब्रिटनमध्ये नुसता बाळगणेही अग्निशस्त्र कायदा, १९६८ खाली गुन्हा आहे. तिथे शिकायला निघालेल्या मुलीच्या बॅगेत आई-वडिलांनी तो ठेवू नये.

स्प्रे वापरावा लागल्यास सुरक्षित जागी पोहोचताच ११२ वर कळवावे, माणसाचे वर्णन आणि गाडीचा क्रमांक सांगावा, डबी फेकून न देता पोलिसांना द्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कोणत्याही हद्दीत घडली तरी जवळच्या ठाण्यात फिर्याद घेतलीच पाहिजे. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर कायद्याला धरून नाही. आपण आधी फिर्याद दिली तर उलट तक्रार आल्यावर बाजू मांडणे सोपे जाते.

या साधनाचा आवाका रस्त्यापुरता, अनोळखी माणसापुरता आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा निघतो : नातलग, शेजारी, मालक, लग्नाचे वचन दिलेला. अशा माणसासमोर डबी काढली जात नाही, कारण धोका ओळखू येईपर्यंत तो घरात बसलेला असतो. मुलीला स्प्रे घेऊन दिला म्हणजे तिच्या सुरक्षिततेची तजवीज झाली, असे घरच्यांनी मानणे म्हणूनच घातक आहे. नको असलेल्या पहिल्या स्पर्शाबद्दल तिने सांगितले तर तिचे ऐकून घेतले जाईल आणि तिची शाळा बंद होणार नाही, याची खात्री तिला आधी हवी. अशा प्रकरणांत महिलांसाठी १८१, अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हे क्रमांक, सखी वन स्टॉप सेंटर, पोलिसांचे दामिनी पथक आणि कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ खाली नेमलेले संरक्षण अधिकारी यांच्याकडे दाद मागता येते.